आबांची गोळी मोत्याला चालेल का?



परिसर अभ्यासात आपण पाळीव प्राणी शिकवतो. गाय दूध देते, कुत्रा राखण करतो, मांजर उंदीर पकडते. प्राणी आपल्याला काय देतात याची यादी मुलांना तोंडपाठ असते. पण त्याच प्राण्याला गाडीनं ठोकलं, त्याचं हाड मोडलं किंवा ऑपरेशन झालं, तर त्याला काय द्यायचं आणि काय मुळीच द्यायचं नाही, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. मुलं मात्र प्राण्यांच्या सगळ्यात जवळ असतात. घरात औषधाचा डबा कुठे आहे, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून आजचा लेख या विषयावर.

मी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, पाचवीतली एक मुलगी परिपाठाच्या आधीच माझ्याकडे आली. तिच्या घरचा मोत्या म्हणजे जेमतेम पाच किलोचा गावठी कुत्रा. आदल्या रात्री त्याला मोटारसायकलचा धक्का लागला होता. मुलीच्या मुठीत एक गोळी होती. म्हणाली, "मॅडम, मोत्याले लय दुखते. रातभर कण्हत होता. आबाच्या गुडघ्याची गोळी अर्धी देऊ का त्याले?"

या प्रश्नात किती शहाणपण आहे बघा. जीव लहान आहे, म्हणून गोळी अर्धी, असा विचार तिनं स्वतःच केला होता. गुडघा दुखतो तेव्हा आबांना या गोळीनं बरं वाटतं, हे तिनं रोज पाहिलेलं होतं. तिची दया खरी होती आणि तिचा तर्कही तिच्या वयाला शोभणारा होता. तरी ती अर्धी गोळी मोत्याच्या जिवावर बेतू शकली असती.

मी गोळी तिच्याकडून घेतली, पाकिटावरचं नाव वाचलं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, काहीही देऊ नका. पाटावर झोपवून घेऊन या." गोळी डायक्लोफेनॅकची होती.

अर्धी गोळी म्हणजे नक्की किती?

हे मी नंतर वर्गात गणिताच्या तासाला घेतलं. तुम्हीही घेऊन बघा. गुणाकार-भागाकाराचं यापेक्षा जिवंत उदाहरण सापडणार नाही.

अंगदुखीसाठी घराघरांत असते ती आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी घेऊ. माणसाचं वजन ६० किलो धरा. ४०० भागिले ६०, म्हणजे दर किलोमागे सात मिलिग्रॅमपेक्षा थोडं कमी. तीच गोळी पाच किलोच्या कुत्र्याला दिली तर ४०० भागिले ५, म्हणजे दर किलोमागे ८० मिलिग्रॅम. माणसाच्या बारा पट! अर्धी केली तरी सहा पट, पाव केली तरी तीन पट. फळ्यावर हे आकडे आले तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली.

आता दुसरं उदाहरण. मेलोक्सिकॅम हे औषध माणसांसाठीही आहे आणि कुत्र्यांसाठीही. पशुवैद्यक कुत्र्याला पहिल्या दिवसानंतर साधारणपणे दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा देतात. पाच किलोच्या कुत्र्याला म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. माणसांची गोळी मिळते ती ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. म्हणजे ती पंधरा किंवा तीस दिवसांची मात्रा झाली! अशा गोळीचा बरोबर पंधरावा तुकडा घरच्या चाकूनं कोण करणार? म्हणून लहान कुत्र्यांसाठी याच औषधाचं पातळ द्रावण असतं आणि ते वजनाच्या खुणा असलेल्या सिरिंजनं मोजून देतात. मात्रा किती आणि किती दिवस, हे मात्र डॉक्टरच ठरवतात. वरचे आकडे घरी औषध देण्यासाठी नाहीत, माणसाची गोळी का देऊ नये हे समजण्यासाठी आहेत.

प्रश्न फक्त वजनाचा नाही

एका मुलानं विचारलं, "मॅडम, मंग पन्नास किलोच्या कुत्र्याले चालन ना?" प्रश्न चांगला होता. उत्तर आहे, नाही.

शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखतं. पण हीच द्रव्यं पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठा नीट ठेवतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधं या द्रव्यांची निर्मिती थांबवतात. त्यामुळे दुखणं कमी होतं, पण पोटाचं संरक्षणही जातं. माणसाच्या मानानं कुत्र्याच्या शरीरातून यातली काही औषधं फार सावकाश बाहेर पडतात, म्हणून नुकसान जास्त होतं. पोटात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बंद पडू शकतं.

पॅरासिटामॉलची गोष्ट वेगळी आहे. ते मुख्यतः यकृताला इजा करतं आणि जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. मांजराच्या शरीरात तर ते निष्प्रभ करण्याची सोयच अपुरी आहे. मांजरासाठी एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आणि कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही एकत्र असतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

गिधाडांनी शिकवलेला धडा

औषध तेच, पण प्राणी बदलला की परिणाम बदलतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं. एकेकाळी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडांचे थवे उतरायचे. आमच्या गावातली जुनी माणसं अजून सांगतात. १९९० च्या दशकात ती झपाट्यानं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण बरेच दिवस कळेना. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उलगडा झाला. दुखणाऱ्या गुराला डायक्लोफेनॅक दिलेलं असायचं, ते गुरू मेलं की गिधाडं ते खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. गुराला ज्यानं आराम पडायचा, त्याच औषधानं गिधाडाचा जीव जायचा.

भारत सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला बंदी केली. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बंद करून ३ मिलिलीटरचीच बाटली ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. पर्याय म्हणून जे औषध गिधाडांना सुरक्षित ठरलं ते मेलोक्सिकॅम. तेच, जे मोत्याला मिळालं. गिधाडं कमी झाल्यावर मेलेल्या जनावरांवर भटकी कुत्री वाढली, असंही अभ्यासक सांगतात. एका गोळीचा धागा कुठून कुठे जातो, हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

दुखणं हा राखणदारही आहे

मोत्याचा वर्ध्याला एक्स-रे काढला. कमरेच्या हाडाला चीर होती. लघवी नीट होत होती, मागच्या पायांत संवेदना होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण सहा आठवडे धावणं, उड्या मारणं, ओट्यावर चढणं पूर्ण बंद. काही दिवस मोजून मेलोक्सिकॅमचं द्रावण, तेही जेवणानंतर.

चौथ्या दिवशी मोत्या उठून चालायला लागला. घरच्यांना वाटलं, झाला बरा. मुलीचे बाबा म्हणाले, आता सोडा त्याला, बांधून कशाला ठेवता? वेचणीचे दिवस, घरी बघायला कोणी नाही, त्यांचीही अडचण खोटी नव्हती. मुलगी रडवेली होऊन शाळेत आली. तिला बाबांना समजावून सांगायचं होतं, पण शब्द सापडत नव्हते.

मी तिला दत्तपूरची गोष्ट सांगितली. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेचं काम सुरू केलं. सेवाग्रामला गेलेल्या मुलांनी परचुरे कुटी पाहिलेली असते. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजी स्वतः मालिश करत. या रोगात हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम वाढत जाते. दुखत नाही म्हणूनच इजा होते! दुखणं ही शरीराची राखण आहे. ते आपल्याला सांगतं, थांब, इथे भार देऊ नकोस.

मोत्याचं दुखणं औषधानं कमी झालं होतं, हाड मात्र अजून सांधायचं होतं. राखणदाराला झोपवलं की राखण आपल्याला करावी लागते. म्हणून वेदनाशामक आणि विश्रांती ही जोडी आहे. नुसतं औषध देऊन कुत्रा मोकळा सोडला, तर तो बरं वाटतंय म्हणून पळतो आणि चीर वाढवून घेतो.

हे तिनं घरी जाऊन आपल्या भाषेत सांगितलं. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी आबांनी भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट जोडून मोत्यासाठी खोपटं केलं. आत जुनं गोणपाट आणि त्यावर गोधडी. दिवसा राखण आबांची, शाळा सुटल्यावर तिची. गुडघा दुखत असल्यानं आबाही घरीच असायचे. ती म्हणाली, "दोघंही आराम करून रायले."

कुत्रा सांगत नाही, मग ओळखायचं कसं?

कुत्रा दुखतं म्हणून सांगू शकत नाही आणि पुष्कळदा लपवतो. ग्लासगो विद्यापीठानं कुत्र्यांची वेदना मोजण्यासाठी एक तक्ता तयार केला आहे. त्यात सहा बाजू पाहतात. आम्ही वर्गात त्याचं सोपं रूप केलं आणि मुलीनं रोज वहीत नोंद ठेवली:

१. आवाज: शांत आहे, कण्हतो, की किंचाळतो?
२. जखमेकडे लक्ष: चाटतो का, चावतो का, सारखा वळून बघतो का?
३. चाल: सरळ, लंगडत, की उठायलाच तयार नाही?
४. हात लावल्यावर: काही नाही, अंग आखडतो, गुरगुरतो, की चावायला येतो?
५. मनःस्थिती: शेपूट हलवतो, गप्प आहे, की कोणाकडे बघतच नाही?
६. बसण्या-झोपण्याची पद्धत: आरामात, की पाठीला कमान काढून, अंग ताठ करून?

ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडली. निरीक्षण आणि नोंद, आपण विज्ञानात जे शिकवतो तेच. फक्त इथे समोर जिवंत जीव होता.

लागलेल्या लहान कुत्र्यासाठी घरी काय करावं

- आधी स्वतःला जपा. दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. लहान मुलांनी हात लावू नये, मोठ्यांना बोलवावं. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. रेबीजच्या बाबतीत उद्यावर टाकू नये.
- उचलताना काखेत धरून ओढू नका. पाट, जाड पुठ्ठा किंवा ताणलेली चादर यावर सरकवून न्या.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. काठ्या बांधून घरचं प्लास्टर करू नका, चुकीचा बांध जास्त नुकसान करतो.
- सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी दहा मिनिटांपर्यंत. बर्फ थेट कातडीवर नको.
- डॉक्टरांकडे नेण्याआधी खायला घालू नका. भूल द्यावी लागू शकते.
- पाणी आणि सावलीची सोय ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अंगातलं पाणी कमी झालेल्या कुत्र्याला ही औषधं दिली, तर मूत्रपिंडाचा धोका आणखी वाढतो.

काय करू नये

- माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी, सिरप किंवा मलम नको. मलम तो चाटतो, मग ते पोटातच जातं. काही सिरपमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विषारी आहे.
- सुजेवर कांदा गरम करून बांधू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात.
- एक औषध चालू असताना दुसरं नको. आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल आणि वरून वेदनाशामक दिलं, तर पोटात रक्तस्रावाचा धोका फार वाढतो. म्हणून प्रत्येक वेळी डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा.
- मागच्या वेळचं उरलेलं औषध किंवा शेजारच्या कुत्र्याचं औषध नको. अगदी लहान पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेला कुत्रा, यांचं गणित वेगळं असतं.
- डॉक्टरांनी दिलेल्या औषधावरही लक्ष ठेवा. जेवण सोडलं, उलटी झाली, हगवण लागली, डांबरासारखी काळी शी झाली किंवा हिरड्या पिवळट दिसल्या, तर पुढची मात्रा थांबवा आणि फोन करा.
- कोणी आधीच गोळी दिली असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, त्यानं वेगळीच विषबाधा होते. गोळीचं पाकीट घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. कोणी दिली यावरून घरात भांडण नको. मूल घाबरलं तर खरं सांगणार नाही, आणि डॉक्टरांना खरंच हवं असतं.

मदत कुठे मिळेल? तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतोच. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. अवघड केससाठी आपल्याला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. वर्ध्यात पिपरी मेघेचा करुणाश्रम जखमी प्राण्यांसाठी काम करतो. हे सगळे पत्ते शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

वर्गात काय घेता येईल

१. गणित: वजन आणि मात्रा यांची वरची उदाहरणं. पाचवीला दशांश अपूर्णांक शिकवताना ०.१ आणि ०.५ यांना अर्थ येतो.
२. परिसर अभ्यास: गिधाडांची अन्नसाखळी. एक कडी तुटली तर काय काय बदलतं?
३. मराठी: 'मी मोत्या बोलतोय' असं आत्मकथन. सहा खुणांपैकी किमान तीन त्यात याव्यात.
४. नागरिकशास्त्र: पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. अनुच्छेद ५१ क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचं कर्तव्य आहे. पुढचा प्रश्न मुलांना विचारा: नुसती दया पुरते का, की माहितीही लागते?
५. घरचा अभ्यास: पालकांसोबत घरातला औषधांचा डबा बघायचा आणि तो लहान भावंडांचा व प्राण्यांचा तोंड-हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवायचा.

पालकहो, एक विनंती. मूल जखमी पिल्लू घरी घेऊन आलं, तर "कशाला आणलं ही घाण" असं एकदम म्हणू नका. आणि "दे त्याला अर्धी गोळी" असंही म्हणू नका. दोन्हीच्या मधली एक वाट आहे. मुलाला हात धुवायला लावा, पिल्लाला खोक्यात ठेवा आणि फोन करा. तेवढ्या दहा मिनिटांत मूल जे शिकतं, ते आपल्या चाळीस मिनिटांच्या तासात शिकवता येत नाही.

मोत्या आता चालतो. थंडीच्या दिवसांत सकाळी थोडा लंगडतो, ऊन चढलं की सरळ होतो. आणि आबा स्वतःची गोळी आता जेवल्याशिवाय घेत नाहीत. नातीनं सांगितलंय, गोळीनं पोटाची राखण जाते.

तुमच्या शाळेत असा काही अनुभव असेल तर नक्की लिहा.